तांब्याची नळी

माझ्या लहानपणाला लसणाचा वास आहे. आमच्या स्वयंपाकघरात लसूण फार नसायचा, आईचा हात आल्याकडे जास्त. हा वास कार्बाइडचा. अण्णा, म्हणजे माझे वडील, नाना पेठेतलं वेल्डिंगचं दुकान बंद करून संध्याकाळी घरी आले, की त्यांच्या आधी तो वास जिना चढून यायचा. त्यांच्या सदऱ्याला, टोपीला, पैशांच्या पाकिटालासुद्धा तो होता. शाळेत शेजारी बसणारी मुलगी नाक मुरडून विचारायची, "तुमच्याकडे रोज लसूण का गं?" मी हो म्हणून टाकायची. कार्बाइड म्हणजे काय हे तिला समजावत बसण्यापेक्षा ते सोपं होतं. कार्बाइड म्हणजे राखाडी दगडांसारखे खडे. पत्र्याच्या पिंपात घट्ट झाकून ठेवायचे, कारण पाणी लागलं की ते खदखदायला लागतात आणि त्यातून गॅस निघतो. दुकानाच्या मागच्या बाजूला त्यासाठी एक उंच टाकी होती. तिच्यात खडे पडले की गॅस तयार व्हायचा आणि नळीतून पुढे टॉर्चपर्यंत यायचा. अण्णा काडी लावायचे, तेव्हा आधी पिवळी, काजळी ओकणारी ज्योत निघायची. काजळीचे धागे हवेत तरंगत येऊन माझ्या वेणीवर बसायचे. मग ते दुसऱ्या नळीतला ऑक्सिजन सोडायचे, आणि ती घाणेरडी ज्योत एकदम शहाणी होऊन निळी, टोकदार, सुसू आवाज करणारी व्हायची. त्या ज्योतीने अण्णा सायकलींच्या फ्रेमा जोडायचे, टेम्पोचे सायलेन्सर, शाळांची बाकं, पिठाच्या गिरणीचे पाइप, एकदा तर एका मंगल कार्यालयाच्या दीडशे खुर्च्या. पुण्यातला माणूस नवीन घेत नाही, जोडून घेतो, त्यामुळे दुकान बरं चालायचं.

पण आम्ही जातीचे तांबट. राहायचो तांबट आळीतच. वरच्या दोन खोल्यांत आम्ही आणि खाली थोरले काका. त्यांना सगळे तात्या म्हणत. काकू पहिल्याच बाळंतपणात गेलेल्या, मूलबाळ नाही. तात्या जेवायला वर आमच्याकडे, आणि बाकीचा दिवस खाली खरवईपुढे, म्हणजे भांडं टेकवून ठोकायच्या लोखंडी दांड्यापुढे, बसून तांबं ठोकत. सकाळी उठल्यापासून ठक ठक ठक. आळीतल्या सगळ्या घरांतून तोच आवाज, त्यामुळे आमच्याकडे माणसं जरा ओरडूनच बोलतात. मला अजून टेलिफोनवर लोक सांगतात, आजी, हळू बोला. घंगाळं, बंब, कळश्या तयार झाल्या की त्यांच्या अंगावर तात्या माठारकाम करायचे, म्हणजे हातोडीने एकाशेजारी एक बारीक, एकसारखे खळगे उठवत जायचं. त्यांचं माठारकाम पाहायला माणसं यायची. विकत घ्यायला मात्र येईनाशी झाली होती. लग्नात स्टील द्यायची टूम निघाली आणि आळीतल्या अर्ध्या हातोड्या गप्प झाल्या. अण्णा शहाणे, वेळेवर बाहेर पडले आणि वेल्डिंग शिकले. तात्यांनी ते कधी विसरू दिलं नाही. दोन वर्षं ते भावाशी बोलत नव्हते. रोज त्याच्याच पंगतीला, त्याच्याच कमाईची डाळिंब्यांची उसळ खायचे आणि माझ्याकडे बघून म्हणायचे, "शकू, तुझ्या बापाला सांग, लोखंडाच्या हाताने मीठ वाढू नये, जास्त पडतं." अण्णा समोरच बसलेले. मी सांगायची. अण्णा म्हणायचे, "तुझ्या तात्यांना सांग, मीठ तुझ्या आईनं घातलंय." आई पदराआड हसायची. तेव्हा आम्हाला या सगळ्याची गंमत वाटायची.

गॅस निघून गेल्यावर टाकीत पांढरा रबरबीत चुना उरायचा. दिवाळीच्या आधी सगळी आळी बादल्या घेऊन अण्णांकडे यायची आणि तोच चुना भिंतींना लावायची. फुकटचा चुना असल्यामुळे तो फार पांढरा शुभ्र असतो, असं सगळ्यांचं मत होतं. खरं तर त्यात निळसर राखाडी झाक यायची आणि चार दिवस घरभर लसूण दरवळायचा. तात्यांनी आपल्या खोलीला तो कधी लावू दिला नाही. त्यांची खोली धुराने पिवळी पडली ती पडलीच.

हा अबोला सुटला तो एका नळीमुळे. टाकीपासून पुढे गॅस नेणारी लोखंडी नळी गंजून गळायला लागली होती. अण्णा एकदा जेवताना दादाला ते सांगत होते. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ वसंता, माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठा, मॅट्रिकनंतर अण्णांच्याच हाताखाली लागलेला, हसरा, कोपरापर्यंत हात भाजलेला. तात्या खाली मान घालून ऐकत होते. त्या वर्षी खंडेनवमीला आम्ही दुकानातली हत्यारं पाटावर मांडली, त्यांना हळदकुंकू वाहिलं, आणि तात्या आले. दुकानाची पायरी ते त्या दिवशी पहिल्यांदा चढले. जुन्या धोतरात गुंडाळून आणलेलं लांब काहीतरी त्यांनी पाटावर मधोमध ठेवलं. चार हात लांब तांब्याची नळी होती ती. पत्रा वळवून, सांधा जोडून, वरून अंगभर माठारकाम केलेलं. गॅसच्या नळीला माठारकाम! कोण बघणार होतं ते? तात्या अण्णांकडे बघून, थेट त्यांच्याकडे बघून म्हणाले, "घरात तांबट असताना गंजकं लोखंड कशाला लावायचं?" अण्णांनी वाकून नमस्कार केला आणि तसेच खाली बसून राहिले, कारण त्यांना रडू आवरेना. दुसऱ्याच दिवशी नळी टाकीला बसली. गिऱ्हाइकं ती बघायला थांबायची. एखादा हडपसरचा शेतकरी विहिरीवरच्या मोटारीचा पाइप जोडायला आला तर म्हणायचा, "आण्णा, तुमची नळी देव्हाऱ्यात ठिवायच्या लायकीची हाय." अण्णा ते रोज घरी येऊन तात्यांना सांगत.

 पुढे जे झालं ते आमच्याच घरात, आमच्याच आळीत होऊ शकत होतं. दुसऱ्या कुणी रबरी नळी लावली असती, नाहीतर बोहरी आळीतून लोखंडी आणली असती. तांब्याची नळी लावायची बुद्धी तांबटालाच होणार, आणि ती प्रेमापोटी होणार.

त्याच सुमारास मी कॉलेजात गेले. आळीतली सायन्सला जाणारी पहिली मुलगी. तात्या म्हणाले, "प्रयोगशाळेत पोरी काय करणार, पापड वाळत घालणार?" पण अण्णांनी ऐकलं नाही. त्यांना स्वतःला गॅसमधलं काही कळावं अशी फार हौस होती. मी घरी आले की विचारायचे, "आज काय ओतलंत एकमेकांत?" मी सांगायची आणि ते जेवता जेवता हात वाळवत ऐकायचे. त्या वर्षाइतकी मी पुन्हा कधी सुखात नव्हते, हे आता लिहून टाकते.

वर्ष फिरून पुन्हा दसरा जवळ आला. त्याआधी पितृपक्षात भावकीतले एक म्हातारे गृहस्थ वारले आणि आम्हाला दहा दिवसांचं सुतक आलं. सुतकात अग्नीच्या कामाला हात लावायचा नाही, हा तात्यांचा दंडक. दुकान दहा दिवस बंद राहिलं. टाकी रिकामी करून ठेवलेली, नळी कोरडी पडलेली. सुतक फिटल्यावरही अण्णांनी दुकान लगेच उघडलं नाही. दसरा आठवड्यावर आलाय, आता पूजा करूनच सुरू करू, म्हणाले. माझं कॉलेज मात्र चालू होतं. खंडेनवमीच्या दोन दिवस आधी आमच्या बाईंनी प्रात्यक्षिकात कार्बाइड आणलं. मला हसूच आलं, घरचाच माणूस भेटल्यासारखं. बाईंनी त्यातून निघणारा गॅस तांब्याच्या क्षाराच्या द्रावणात सोडला आणि काचेच्या नळीच्या तळाशी लालभडक साका बसला. बाई म्हणाल्या, "हा ओला आहे तोवर गरीब असतो. वाळू द्यायचा नाही. वाळला की नुसत्या ठोक्यानेही उडतो." मला गेल्या महिन्यातलं दादाचं बोलणं आठवलं. तो म्हणाला होता, नळीच्या तोंडाशी जुन्या गुळासारखं काहीतरी तांबडं, चिकट जमतंय.

तास संपल्यावर मी बाईंना गाठलं. "बाई, हा गॅस तांब्याच्या नळीतून नेला तर?"

"कोण नेतं?"

"आमच्याकडे. वर्षभर."

बाईंनी हातातली काचेची नळी खाली ठेवली. मला आयुष्यात पहिल्यांदा 'तुम्ही' म्हणणाऱ्या त्या बाई. म्हणाल्या, "तुम्ही आज घरी जाऊन सांगा. ती नळी आधी पाण्यानं पूर्ण भिजवायची, मगच काढायची. खरवडायची नाही, ठोकायची नाही. समजलं? नीट सांगा."

मी नीटच सांगितलं. दिवेलागणीला अण्णा आणि तात्या जेवायला बसले होते. दादा घरी नव्हता, एका शेतकऱ्याची मोटार दुरुस्त करायला हडपसरला गेला होता आणि तिथेच मुक्कामाला राहणार होता. मी वाढता वाढता सगळं सांगितलं, लाल साका, ठोका, पाणी, सगळं. अण्णांचा घास हातातच राहिला. ते बोलण्याच्या आधी तात्या बोलले. "तांबं उडतं? पिढ्यान् पिढ्या त्यात पाणी प्यायलो आम्ही, देवाला अभिषेक त्यातून घालतो. आणि ही पोर सांगते तांबं उडतं! माझ्या हातची नळी काढायची असेल तर सरळ काढा की. कॉलेजातली बाई कशाला मध्ये घालता?"

"तात्या, तुमच्या नळीला नाव नाही ठेवत मी. गॅसमुळे आत जे..."

"शकू, वाढ." अण्णा म्हणाले. मी वाढलं. तात्या ताटावरून उठले ते पाण्याचा तांब्याही न घेता. नंतर अण्णा मोरीपाशी हात धूत असताना मला हळूच म्हणाले, "तू म्हणतेस ते खरं असेल. पण दोन वर्षांनी घर जोडलंय. दसरा होऊ दे, मग मीच नळी बदलतो. त्यांना कळणारही नाही."

"पण उद्या दादा साफ करायला काढेल ना? वाळलेली आहे ती."

"मी सांगतो त्याला. तू नको बोलूस. तुझ्या तोंडून तात्यांच्या कानावर परत गेलं तर घरात राहणं कठीण होईल."

सकाळी दादा हडपसरहून आला, आंघोळ केली, आणि दोन पोळ्या उभ्याउभ्या खाल्ल्या. अण्णा झेंडूची फुलं आणायला मंडईत जाणार होते, दादा पुढे दुकानात. खाली अंगणात तात्या चिंचेचा कोळ आणि राख घेऊन उभे होते. "वसंता, नळी अशी घास की तोंड दिसलं पाहिजे. उद्या पूजेत मधोमध ठेवायचीय." दादा हसून म्हणाला, "आतूनपण चकाचक करतो, तात्या." मी डबा घेऊन त्याच्या मागे उभी. मी अण्णांकडे पाहिलं. अण्णांनी माझ्याकडे पाहिलं, तात्यांकडे पाहिलं, आणि टोपी काढून ती पुन्हा नीट घातली. मी वाट पाहिली. एवढं एक वाक्य होतं: पाणी घालून काढ, ठोकू नकोस. अण्णा बोलले नाहीत. दादाने हात पुढे केला, मी डबा दिला आणि म्हणाले, "जपून रे." तो म्हणाला, "डब्यात काय, विंचू आहे का?" आणि सायकलवर टांग टाकून गेला.

दुपारी दुकानाशेजारच्या टायरवाल्याचा माणूस सायकल हाणत आळीत आला. दादाने नळी उतरवली, बाहेरून चिंचेने घासली, मग आतला वाळलेला चुना पाडायला तिच्यावर एक हातोडी मारली. एकच. सरकारी दवाखान्यात आम्ही पोहोचलो तेव्हा त्याच्या डोळ्यांवर पट्ट्या होत्या आणि डाव्या हाताची दोन बोटं नव्हती. उजवा डोळा काढावा लागला. डाव्याला पुढे उजेड आणि अंधार एवढंच कळायचं. डॉक्टरांनी त्याच्या चेहऱ्यातून तांब्याचे कपचे वेचून काढले आणि वाटीत घालून अण्णांच्या हातात दिले. एका कपच्यावर माठारकामाचे दोन खळगे जसेच्या तसे होते.

मला वाटलं होतं, आता कुणीतरी माझं नाव घेईल. पोरीने सांगितलं होतं, असं एकदा तरी कुणी म्हणेल. माझं नाव निघालं, पण वेगळंच. तात्या कपाळावर हात मारून म्हणाले, "जेवत्या पंगतीला बोलली. तोंडातून काढलं आणि तसंच झालं. काळ्या जिभेची आहे." ते म्हणाले याचं मला फारसं वाटलं नाही. पण तिसऱ्या दिवशी माझ्या आईने मला चुलीपासून उठवलं. "तू राहू दे. आज त्याच्यासाठी पेज करतेय, तिथं काही बोलू नकोस." माझी आई. ते मला आजही सोसत नाही, आणि ती गेली तरी मी तिला माफ केलेलं नाही. दिवाळीनंतर माझं कॉलेज बंद झालं. तिथे जाऊनच हे असलं बोलायला शिकली, असं घरच्या बैठकीत ठरलं. अण्णा त्या बैठकीत भिंतीला टेकून बसले होते. भिंतीला आमच्याच टाकीतला चुना होता.

आता मुख्य गोष्ट. दवाखान्यातून दादाला आणायच्या आदल्या दिवशी मी दुकानात अण्णांना डबा द्यायला गेले. टाकीला नवी नळी बसली होती. लोखंडी. आणि एवढंच नाही, टॉर्चकडे जाणारा एक छोटा तांब्याचा जोड होता, तोही काढून लोखंडी लावलेला. दुकानात तांब्याची एक चकतीसुद्धा उरली नव्हती. अण्णांनी माझ्याकडे पाहिलं आणि त्यांना कळलं की मी पाहिलंय. "डबा ठेव आणि जा," ते म्हणाले. घरी मात्र त्यांनी सगळ्यांना सांगितलं, भावकीला, गिऱ्हाइकांना, आणि दादाला स्वतःला: वसंताचा हात जड. जोरात ठोकलं, दाब बसला, नळी फुटली. म्हणजे अण्णांनी सांगायचं राहिलं नव्हतं, तात्यांच्या नळीत खोट नव्हती, माझी जीभ काळी होती आणि दादाचा हात जड होता. घर शाबूत राहिलं.

दादाने ते खरं मानलं. त्याला कोण दुसरं सांगणार? पुढे तात्यांनी त्याला आपल्याजवळ बसवून माठारकाम शिकवलं, बोटांनी चाचपून खळग्यांच्या ओळी धरायला. अंदाज उत्तम होता त्याचा. पण हातोडी अशी हलकी पडायची की खळगा उठायचाच नाही. तात्या ओरडायचे, "ठोक की! फुलं वेचतोस का?" तो म्हणायचा, "नको तात्या, माझा हात जड आहे." आयुष्यभर त्याची भांडी पडत्या किमतीला गेली. त्याने लग्न केलं नाही. माझं लग्न सदाशिव पेठेत झालं. तात्या गेले, आई गेली, तेव्हापासून मी रोज दुपारी आळीत जाऊन दादाला डबा पोचवायची. नवऱ्याला वाटायचं, केवढी ही माया! 

अण्णा सगळ्यांच्या शेवटी गेले. तेराव्याची माणसं पांगल्यावर दादा खरवईपुढे बसला होता, तीन बोटांत घंगाळाची कड धरून. म्हणाला, "शकू, अण्णांचं म्हातारपण मीच नासवलं बघ. एक ठोका जरा हळू मारला असता तर..." तीसेक वर्षं मी हे ऐकत आले होते. त्या दिवशी मला ऐकवेना. मी सगळं सांगितलं. बाई, लाल साका, जेवणाची पंगत, मोरीपाशी अण्णा काय बोलले, अंगणात टोपी कशी घातली, लोखंडी नळी. "तुझा हात जड नव्हता, दादा. तू हळू मारला असतास तरी ती फुटणारच होती."

तो घंगाळावरून बोटं फिरवत राहिला. मला वाटलं, आता रडेल. मग म्हणाला, "डबा तूच दिलास ना त्या दिवशी?"

"हो."

"माझ्या हातात?"

"हो."

"एवढं सगळं शिकवलं कॉलेजात," दादा म्हणाला, "आणि तोंड उघडायला नाही शिकवलं होय?"

"अण्णा म्हणाले होते, मी सांगतो..."

"ते झालं अण्णांचं. तुझं काय?"

  मी एकोणीस वर्षांची होते, घाबरले होते, बापावर भरवसा ठेवला होता, हे सगळं खरं आहे आणि त्यातलं काहीही उत्तर नाही. मी म्हटलं, "डबा ठेवलाय, गरम आहे तोवर जेव." 

दुसऱ्या दिवशी दुपारी गेले तर कालचा डबा उंबऱ्याबाहेर ठेवलेला होता, न उघडलेला. दार आतून लावलेलं. आतून हातोडीचे ठोके येत होते, भरदार, एकसारखे, एकही हलका नव्हता. तात्या असते तर म्हणाले असते, जमलं आता पोराला. मी दोनदा हाक मारली. ठोके थांबले नाहीत. मग मी दोन्ही डबे उचलले आणि घरी आले.